अण्णा आल्याला हळद म्हणतात, तेव्हा ते नक्की 'चुकतात' का?

पेवाकाठ (सांगली)

नमस्कार. प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण मला तो स्वयंपाकघरात पडला, म्हणून तिथूनच सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. चाळीसेक वर्षं हळदीतच गेली. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे आणि आवाजावरून सांगायचे, वाळलंय की अजून दोन उन्हं हवीत. गेली तीन वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार आहे. आधी माणसांची नावं गेली, मग दिवस गेले, आता वस्तूंची पाळी आलीय.

गेल्या महिन्यात चहासाठी आणलेलं आलं ओट्यावर होतं. अण्णांनी एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला आणि मला म्हणाले, "ह्ये अजून वलं हाय. शिजीवल्याबिगर पेवात घालू नगा, कुजंल." (पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा.) मी गप्प राहिले. त्यांनी नखानं तुकडा मोडला. आत फिकट पिवळं. नाकाजवळ नेला. मग बराच वेळ त्या मोडलेल्या जागेकडे बघत बसले, तुकडा ठेवला, बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "आलं हाय. मी हळद म्हनलो. चुकलं."

त्या "चुकलं"वर मी तेव्हापासून अडकले आहे.

मी वजनकाटे दुरुस्त करते. काट्यावर शिक्क्याचं 20 किलोचं वजन ठेवलं आणि 20.200 आलं, तर गिऱ्हाईक म्हणतं काटा चुकतोय. मीही म्हणते. पण काट्याच्या आत काय झालं? लोडसेलवर, म्हणजे भार मोजणाऱ्या भागावर, भार आला, त्या प्रमाणात व्होल्टेज बदललं, आकडा उमटला. लोडसेल वाकलेला असेल तर वाकलेल्या लोडसेलनं जे करावं तेच त्यानं केलं. 'चूक' काट्यात नाही, आमच्या अपेक्षेत आहे, वर्षाला शिक्का मारून घेण्याच्या कायद्यात आहे. काटा कधी "चुकलं" म्हणून बोटं पुसत नाही.

मग विचाराचं काय? काट्याच्या बाबतीत 'बरोबर' आणि 'चूक' आपण बाहेरून आणतो. अण्णांच्या मनातल्या 'ही हळद आहे' या विचाराच्या बाबतीतही ते बाहेरूनच येतं, की विचार म्हणजेच मुळात असं काहीतरी, ज्याला बरोबर असायला हवं हे बंधन जन्मापासूनच लागलेलं असतं?

मी बाहेरून एम.ए. करत होते तेव्हा सॉल क्रिप्की या तत्त्वज्ञाचं 1982 चं पुस्तक वाचलं होतं, विट्गेनस्टाईन या तत्त्वज्ञावरचं. त्यातला संशयवादी विचारतो: आजवर तू 57 पेक्षा लहान आकड्यांच्याच बेरजा केल्यास असं धर. आता 68 आणि 57 ची बेरीज कर. तू म्हणशील 125. पण तू आजवर '+' म्हणून जे करत होतास ती बेरीजच होती कशावरून? 57 च्या आत बेरजेसारखंच चालणारं आणि त्यापुढे दरवेळी 5 हेच उत्तर देणारं दुसरंच काही नसेल कशावरून? तुझ्या डोक्यातली, वागण्यातली एक गोष्ट दाखव, जी हे ठरवते. 'मी 125 म्हणेन' हे पुरत नाही, कारण प्रश्न मी काय म्हणेन हा नाही, मी काय म्हणायला हवं हा आहे. दमलेला माणूस 115 म्हणेल, म्हणून काही '+'चा अर्थ बदलत नाही.

हे वाचल्यावर मला पटलं होतं की आशय, म्हणजे विचार ज्याबद्दल असतो ते, नियामकच असतो, त्यातच 'काय असायला हवं' हे आलेलं असतं. 'हळद' या कल्पनेत आल्याला वगळायला हवं हे आधीच बसलेलं आहे. नसतं तर अण्णांच्या त्या विचाराला चूक म्हणताच आलं नसतं. म्हटलं असतं, यांच्या डोक्यात आता 'हळद किंवा ओलं आलं' अशी एकच कल्पना आहे आणि तिच्या हिशेबानं ते बरोबरच बोलले.

आता खरी अडचण सांगते. वरचा प्रसंग एकदाच घडला. त्यानंतर चार वेळा त्यांनी आल्याला हळद म्हटलंय आणि मोडून, वास घेऊनही "हळदच हाय" म्हणाले. रागावून. जे करायला हवं ते करता येणं शक्य असेल तरच 'हवं'ला अर्थ असतो, असं आपण मानतो. अण्णांना आता ते शक्य नाही. म्हणजे त्यांच्यावर ते बंधन उरलं नाही. आणि आशय म्हणजे बंधनच असेल, तर त्या चार वेळी त्यांच्या मनात विचारच नव्हता असं होतं. नुसता आवाज, काट्यावरच्या आकड्यासारखा.

हे मला मान्य करवत नाही. भावनेपोटी नाही असं म्हणणार नाही, पण तेवढंच नाही. रागावलेला माणूस कशाबद्दल तरी रागावलेला असतो. तो 'कशाबद्दल' म्हणजेच आशय. माझ्या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे. कुठे?

गावभाग

ताई, खोट पहिल्याच पायरीवर आहे असं माझं मत. 'बरोबर' आणि 'हवं' या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्यात.

सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं उदाहरण घ्या, आपल्याकडे ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. पाणी 40 ला लागलं की गावभागातली आम्ही माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतो. इतकी वर्षं हे केल्यावर '40' या आकड्यातच 'सामान उचला' लिहिलंय असं वाटायला लागतं. पण ते तिथे लिहिलेलं नाही. पुलावरची खूण फक्त सांगते पाणी इथवर आहे की नाही. उचलायला हवं, हे येतं आपलं सामान भिजू नये या इच्छेतून. ज्याचं घर विश्रामबागला उंचावर आहे त्याच्यासाठी 40 म्हणजे तेच 40, पण त्यातून कसलंही 'हवं' निघत नाही.

विचाराचंही तसंच. 'ही हळद आहे' हा विचार हळदीच्या बाबतीत खरा, आल्याच्या बाबतीत खोटा. ही झाली बरोबर ठरण्याची अट. ती असली की चूक शक्य झाली. त्यासाठी वर आणखी आज्ञा कशाला? आनंदी हत्तियंगडी या तत्त्वज्ञ बाईंनी 2007 च्या सुमारास हाच मुद्दा नेटानं लावून धरला: क्रिप्कीच्या युक्तिवादातून बरोबर-चूक सिद्ध होतं, बंधन सिद्ध होत नाही.

आणि बंधन आहे म्हणायचं तर ते नेमकं कोणतं? 'जे खरं तेच मानावं'? याचे दोन अर्थ होतात. जे जे खरं ते सगळं मानावं, असं म्हणाल तर ते अशक्य आहे. पुलाखालून या क्षणी किती थेंब गेले याबद्दलही एक खरं विधान आहे, ते मानण्याचं बंधन माझ्यावर नाही. 'खरं असेल तरच मानावं' एवढंच म्हणाल, तर कॅथरिन ग्लूअर आणि आसा विकफोर्स या तत्त्वज्ञांचा 2009 मधला आक्षेप बघा: असा नियम वाट दाखवूच शकत नाही. पाणी 40 फूट आहे हे मी मानावं का? नियम सांगतो, 40 असेल तर मान. 40 आहे का? हे ठरवलं की मानूनच झालं. नियमाला काम करायला जागाच उरली नाही.

शिवाय एकच आशय निरनिराळ्या रीतीनं मनात येतो. पाणी 57 फुटांवर गेलंय, हे मी 2019 च्या ऑगस्टमध्ये मानत होतो, कारण तसं होतं, त्याच्याही पुढे गेलं होतं. आज मी तेच स्वप्नात बघतो, तेच होऊ नये म्हणून हात जोडतो, तेच नातवाला गोष्ट म्हणून सांगतो. या सगळ्यात खरं असायला हवं हे बंधन कुठे आहे? ते फक्त मानण्याला आहे. म्हणजे बंधन असलंच तर मानण्याच्या वृत्तीचं आहे, आशयाचं नाही.

तेव्हा तुमच्या अण्णांच्या मनात त्या चारही वेळी विचार होता, पूर्ण विचार. तो खोटा होता, इतकंच.

पेवाकाठ

धन्यवाद. स्वप्न आणि प्रार्थनेचा मुद्दा मला पटला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझं 'बंधन' खरोखरच मानण्याला चिकटलेलं होतं, मी ते उगाच आशयाला चिकटवलं.

पण पुलाच्या उदाहरणानं एक गोष्ट झाकली जाते. पुलावरच्या खुणा कुणीतरी मोजून मारल्यात. 40 म्हणजे 40 का, याचं उत्तर तिथे मिळतं. अण्णांच्या मनात 'हळद' कल्पनेची खूण कुणी मारली? तुम्ही म्हणता 'हा विचार हळदीच्या बाबतीत खरा'. माझा प्रश्न त्याआधीचा आहे: तो हळदीचाच विचार कशामुळे, 'हळद किंवा ओलं आलं'चा का नाही? बरोबर ठरण्याची अट आयती मिळाली तर पुढे बंधन लागत नाही हे कबूल. पण ती अट येते कुठून, इथे क्रिप्की अजून दारात उभाच आहे. अण्णांचा कल बघावा तर आता कल आल्यालाही हळद म्हणण्याचा आहे.

मे महिन्यात, नदी कोरडी असताना, ते सकाळी उठून म्हणतात, "चाळीस झालं. माल वर घ्या." 2005 ला हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं तेव्हा त्यांनी तिथे उभं राहून भिजलेली हळद उपसताना बघितलीय. त्यांच्यापुरता 'चाळीस' आणि 'माल वर घ्या' हा एकच विचार आहे, दोन नाहीत. तुम्ही तो कागदावर वेगळा करू शकता, त्यांच्यात तो वेगळा होतो का, मला शंका आहे.

मिरजेची सिस्टर

मला यातलं पुस्तकी काही येत नाही, पण तीस वर्षं वॉर्डात आहे म्हणून लिहिते.

असे पेशंट सकाळी आठला म्हणतात संध्याकाळ झाली, गायी आल्या का बघ. आम्ही चूक काढत नाही, काढून उपयोग नसतो, ते घाबरतात. मी म्हणते, येतील हो मामा, तुम्ही आधी पाणी घ्या. म्हणजे त्यांनी बरोबर असायला हवं ही अपेक्षा आम्ही सोडलेली असते. तरी ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला काय सांगतो? "सात नंबरच्या मामांना वाटतंय ते घरी आहेत." 'वाटतंय' असंच सांगतो. नुसतं बडबडतायत असं कधी सांगितलं नाही. आणि फरक आम्हाला कळतो. तापात जे नुसतं तोंडातून येतं ते वेगळं, आणि मामा गायींची वाट बघत खिडकीकडे तोंड करून बसतात ते वेगळं.

अण्णांना आलं हातात देऊ नका म्हणणार होते, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांना ते हाताळायला आवडत असावं. मग द्या.

मेणवलीकर (वाई)

लेकी, तुझा प्रश्न वाचून तर्कसंग्रह, हा अन्नंभट्टाचा न्यायदर्शनावरचा छोटा ग्रंथ, पुन्हा काढला. वाईत मी लहानपणापासून न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकणाऱ्या माणसांत वावरलो, विद्वान नाही, पण एवढं सांगता येईल.

अन्नंभट्टाची यथार्थ अनुभवाची व्याख्या अशी: तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः. प्रकार म्हणजे वस्तू ज्या रूपानं जाणवते ते. ज्यात हळदपण आहे त्याच्या ठिकाणी 'हळदपण' हा प्रकार घेऊन झालेला अनुभव तो यथार्थ. ज्यात हळदपण नाही त्याच्या ठिकाणी तोच प्रकार घेऊन झाला तर अयथार्थ. त्याचं उदाहरण शिंपल्यावर चांदी दिसण्याचं आहे, तुझ्या ओट्यावर आलं आहे, एवढाच फरक. आता या व्याख्येत 'हवं' कुठे आहे ते शोध. नाही. गावभागकर म्हणतात तेच: अट आहे, आज्ञा नाही. आज्ञा हा मीमांसकांचा, म्हणजे वेदातल्या आज्ञांचा अर्थ लावणाऱ्यांचा, प्रांत, आणि तिथेही विधी, म्हणजे आज्ञा, असतो तो कृतीला. 'स्वर्गाची इच्छा असणाऱ्यानं यजन करावं' हे म्हणता येतं, कारण यजन हातात आहे. ज्ञान हातात नसतं. डोळे उघडे आणि वस्तू समोर असली की ते होतं. म्हणून ज्ञानाला विधी लागत नाही. 'शक्य नसेल तर हवं कसं' ही तुझी अडचण अण्णांपुरती नाहीच. समोरचं आलं आल्यासारखं दिसावं, हे तुझ्याही हातात नाही.

पण माझं गावभागकरांशी पूर्ण जमत नाही. नैयायिक व्याख्येवर थांबले नाहीत. अप्रमा, म्हणजे चुकीचं ज्ञान, होते ती दोषामुळे आणि प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, होते ती गुणामुळे, असं ते म्हणतात. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, तिथे पित्त हा दोष. आता 'दोष' हा शब्द नीट बघ. पित्त हे नुसतं कारण असतं तर त्याला कारणच म्हटलं असतं. दोष म्हणण्यात डोळ्याचं काम काय, हे आधी गृहीत धरलेलं आहे. त्या कामात आडवं आलं ते दोष.

रूथ मिलिकन या तत्त्वज्ञ बाईंचं 1984 चं लिखाण माझ्या मुलानं मला समजावून सांगितलं, ते मला इथे जवळचं वाटलं. हृदयाचं काम रक्त ढकलणं. एखादं हृदय ते करत नाही, तरी ते त्याचं काम राहतंच, कारण त्या कामामुळेच पिढ्यान् पिढ्या हृदयं टिकली. ज्याला ते जमत नाही त्यालाही ते लागू असतं, म्हणूनच तर आपण त्याला आजारी हृदय म्हणतो, मांसाचा गोळा म्हणत नाही. यात कुणी कुणाला आज्ञा केलेली नाही, कुणाला दोष दिलेला नाही, आणि तरी 'असायला हवं' आहे. हे 'हवं' कर्तव्याचं नाही, कामाचं आहे. कर्तव्याचं 'हवं' शक्य नसेल तर गळून पडतं. कामाचं पडत नाही.

तुझ्या अण्णांना हे 'हवं' अजून लागू आहे. ते जमत नाही म्हणून ते आजारी आहेत. लागूच नसतं तर आजार कशाला म्हटलं असतं?

गावभाग

काकांचं 'कामाचं हवं' मी नाकारत नाही, फक्त ते खरंच 'हवं' आहे का असं विचारतो. हृदयं कशामुळे टिकली हा इतिहास आहे. इतिहासातून आज काय असायला हवं ते निघत नाही. त्याला काम म्हणा, मी नियामक म्हणणार नाही.

आणि ताई, तुमच्या 'खूण कुणी मारली'वर एक. टायलर बर्ज या तत्त्वज्ञाचं 1979 चं उदाहरण माहीत असेल. एका माणसाला वाटतं की आपला संधिवात मांडीत शिरलाय. डॉक्टर सांगतात, संधिवात सांध्यातच असतो. तो म्हणतो, बरं, मग हे दुसरंच काहीतरी. बर्जचं म्हणणं, सुरुवातीपासून त्याचा विचार संधिवाताबद्दलच होता, चुकीचा होता इतकंच, कारण त्या शब्दाची खूण त्याच्या एकट्याच्या डोक्यात नाही, सगळ्यांच्या बोलण्यात आहे. अण्णांची खूण यार्डात आहे. तिथे रोज सौदे निघतात आणि कुणी आलं हळद म्हणून विकू शकत नाही.

पेवाकाठ

तुम्हा तिघांचं चार दिवस डोक्यात घेऊन फिरले. यार्डातही गेले होते, एका काट्याचं काम होतं.

बर्जचं उदाहरण मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग अडलं. त्याचा माणूस डॉक्टरचं ऐकतो. ऐकायला तयार आहे म्हणूनच तर आपण म्हणतो की त्यानं सगळ्यांची खूण स्वतःची मानलीय. अण्णा पहिल्या दिवशी त्या माणसासारखे होते, नंतरच्या चार वेळी नाहीत. ऐकण्याची तयारी ही अट धरली तर मी पुन्हा तिथेच येते. म्हणून मला आता असं वाटतं की खूण एकदा स्वीकारली की दरवेळी नव्यानं स्वीकारावी लागत नाही. अण्णांनी ती चाळीस वर्षं रोज स्वीकारली. काका म्हणतात तसं, न जमणाऱ्यालाही ती लागू राहते. गावभागकर याला नुसता इतिहास म्हणतील. म्हणू देत. 'इतिहासातून हवं निघत नाही' हे पुराव्याशिवाय मान्य करायला मी तयार नाही, कारण काट्याला असा इतिहास नाही आणि काट्याला विचारही नाही.

माझं पहिलं वाक्य मात्र मागे घेते. आशय म्हणजे बंधन, असं मी म्हणणार नाही. सिस्टर म्हणतात ते 'वाटतंय' बंधन सोडल्यावरही उरतं, आणि ते मला रोज दिसतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. यार्डातून येताना मी थोडी ओली हळद आणली. काल दुपारी हळद आणि आलं एकत्र करून मूठभर तुकडे ताटात अण्णांपुढे ठेवले. काही विचारलं नाही. त्यांनी एकेक उचलायला सुरुवात केली. काही मोडले, काहींचा नुसता वास घेतला, काहींचा वासही घेतला नाही. सगळे संपायला अर्धा तास लागला असेल. ताटात दोन ढीग झाले होते. मी बघितलं, डावीकडे सगळी हळद, उजवीकडे सगळं आलं. एकही तुकडा इकडचा तिकडे नाही.

मी डावीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? "हळद." उजवीकडे? "हळद."

मेणवलीकर काका, तुम्हाला विचारते. काविळीच्या माणसाला शंख पांढरा असतो हे माहीत असतं, तरी तो पिवळाच दिसतो. तिथे दोष डोळ्यात आहे, ज्ञान शाबूत आहे. इथे हाताला माहीत आहे आणि तोंड चुकतंय. हातानं जे केलं त्यात 'हळदपण' हा प्रकार होता की नव्हता? असला, तर "हळदच हाय" म्हणून रागावलेल्या दिवशीही तो होता का?